मुद्दे बरोबर, पण कारण कुठाय? ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाबद्दल

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले होते. मावसबहीण यंदा दहावीला आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि सगळे हळू आवाजात बोलतायत असं वातावरण होतं. जेवण झाल्यावर तिने क्लासच्या सराव परीक्षेचा भूगोलाचा पेपर माझ्यासमोर ठेवला. चाळीसपैकी एकोणतीस. रिकाम्या जागा, जोड्या, नकाशा, आलेख या सगळ्यांत जवळपास पैकीच्या पैकी. गुण गेले होते ते लेखी उत्तरांत, आणि त्यातही सगळ्यात जास्त ‘भौगोलिक कारणे लिहा’मध्ये.

“ताई, मला भूगोल येतो. पण लिहिता येत नाही,” ती म्हणाली.

हे वाक्य मी आधी खूपदा ऐकलंय. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या माझ्या रूममेटच्या तोंडून ऐकलंय. स्वतःच्या तोंडूनही ऐकलंय, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी. म्हणून पेपर नीट वाचला.

प्रश्न होता: नर्मदा आणि तापी या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. कारण लिहा. गुण तीन. तिने लिहिलं होतं:

“नर्मदा जिथे समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटी खूप मोठी असते. भरतीचे पाणी नदीत आत येते आणि ओहोटीला जाताना गाळ घेऊन जाते. त्यामुळे गाळ एका जागी साचत नाही आणि त्रिभुज प्रदेश बनत नाही.”

गुण एक. बाजूला लाल शाईत ‘मुद्दे लिहा’.

क्लासने दिलेलं आदर्श उत्तर वहीत होतं. ते साधारण असं: १) पश्चिमवाहिनी नद्यांची लांबी कमी असते. २) त्या तीव्र उतारावरून वाहतात. ३) त्यांचा वेग जास्त असतो. ४) त्या कठीण खडकातून वाहतात. ५) त्यामुळे त्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत.

“माझं चुकलं का?” तिने विचारलं. तेव्हा मी पटकन काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या पेपरातलं सगळ्यात मोठं चुकलेलं उत्तर तिचं नव्हतंच.

आदर्श उत्तर तपासून बघू

पहिला मुद्दा घ्या. लांबी कमी. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १,३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंबातच्या आखातात जाते. तापी सुमारे ७२४ किलोमीटर. गोदावरी १,४६५. म्हणजे नर्मदा गोदावरीपेक्षा जेमतेम दीडशे किलोमीटरने कमी आहे. तिला ‘लांबी कमी’ म्हणायचं असेल तर गोदावरीलाही आखूडच म्हणावं लागेल, आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश तर आपण नकाशात भरतो.

मग ‘लांबी कमी, तीव्र उतार’ हे आलं कुठून? कोकणातल्या नद्यांवरून. सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका, उल्हास या सह्याद्रीतून निघतात आणि फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये समुद्र गाठतात. त्यांच्याबाबतीत हे दोन्ही मुद्दे अगदी बरोबर आहेत. कधीतरी कोणीतरी ‘पश्चिमवाहिनी नद्या’ अशी एक मोठी पिशवी केली, त्यात कोकणच्या नद्या आणि नर्मदा-तापी एकत्र टाकल्या, आणि एका गटाची कारणं दुसऱ्या गटाला चिकटली. प्रश्नात नावं नर्मदा-तापीची, उत्तर वाशिष्ठीचं.

चौथा मुद्दा बरा आहे. नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात, म्हणजे जमिनीला भेगा पडून मधला भाग खाली खचला त्या लांबट दरीतून. कडेला टणक खडक, पात्र अडकल्यासारखं. त्यामुळे नदीला पसरायला, फाटे फोडायला जागा कमी मिळते. पण हे ‘त्यामुळे’ आदर्श उत्तरात नाही. तिथे फक्त ‘कठीण खडकातून वाहतात’ एवढंच आहे. कठीण खडकाचा आणि समुद्राच्या तोंडाशी गाळ न साचण्याचा काय संबंध, हे वाचणाऱ्याने स्वतः समजून घ्यायचं.

आणि ज्या गोष्टीने बहुतेक काम होतं, ती गोष्ट पाच मुद्द्यांत कुठेच नाही. खंबातच्या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक भारतात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांपैकी आहे. आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी वर चढतं आणि तितक्याच जोराने परत फिरतं. माझ्या बहिणीने हे पाठ केलेलं नाही, पाहिलंय. तिचे काका दहेजला नोकरीला आहेत. दिवाळीत ती तिकडे गेली होती. सकाळी समुद्र होता आणि दुपारी नुसता चिखल. तिने विचारलं, समुद्र कुठे गेला? काकांनी सांगितलं. तेच तिने परीक्षेत वापरलं.

म्हणजे मुलीने स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा संबंध पुस्तकातल्या प्रश्नाशी जोडला, आणि त्याला एक गुण मिळाला. तिचं उत्तर पूर्ण नव्हतं, हे मान्य. खचदरीबद्दल एक वाक्य हवं होतं. पण तीनपैकी दोन तरी नक्की.

एक सोपी चाचणी

आदर्श उत्तराबद्दल माझी खरी तक्रार एखादा मुद्दा चुकीचा असण्याची नाही. तो दुरुस्त करता येतो. तक्रार उत्तराच्या घडणीबद्दल आहे.

एक प्रयोग करा. त्या पाच मुद्द्यांतले पहिले चार कसेही उलटसुलट लावा. चौथा पहिला, दुसरा शेवटी. उत्तर वाचा. काही बिघडलं? काहीच नाही. आता बहिणीच्या उत्तरातली वाक्यं उलटसुलट करा. लगेच अर्थ जातो, कारण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर उभं आहे. मोठी भरती आहे म्हणून पाणी आत येतं, आत येतं म्हणून परत जातं, परत जाताना गाळ नेतं, म्हणून गाळ साचत नाही.

जे उत्तर उलटसुलट करूनही तसंच राहतं ती यादी आहे. जे बिघडतं ते कारण आहे. प्रश्न ‘कारणे लिहा’ असा आहे आणि आपण मुलांना याद्या लिहायला शिकवतो.

हा फरक मी शोधून काढलेला नाही. जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस या दोन शिक्षण-संशोधकांनी १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. शाळेतल्या वेगवेगळ्या विषयांतली मुलांची उत्तरं घेऊन त्यांनी विचारलं, की उत्तरात किती माहिती आहे हे बाजूला ठेवलं तर उत्तराची बांधणी कशी आहे? त्यातून त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या. तिला ‘सोलो’ वर्गीकरण म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर: पहिल्या पायरीवर उत्तराला प्रश्नाचा पत्ताच नसतो. दुसरीवर एक मुद्दा असतो. तिसरीवर अनेक मुद्दे असतात, पण सुटे. चौथीवर मुद्दे एकमेकांशी जोडलेले असतात. पाचवीवर त्या जोडणीतून मूल न शिकवलेल्या उदाहरणाकडे जातं.

यातली मोठी उडी तिसरीवरून चौथीवर आहे. पहिल्या तीन पायऱ्यांमध्ये फक्त माहिती वाढते. चौथीवर समज बदलते. आता क्लासचं आदर्श उत्तर या शिडीवर ठेवून बघा. पाच मुद्दे, सगळे सुटे. तिसरी पायरी. बहिणीचं उत्तर? मुद्दा खरं तर एकच, पण त्याची साखळी पूर्ण. चौथी पायरी, थोडी अपुरी. खालच्या पायरीला तीन गुण, वरच्या पायरीला एक.

“पण ताई, पाठ केलं की येतं ना?”

येतं. काही दिवस.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. मी तो या ना त्या निमित्ताने सगळ्यांना सांगत असते. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री पाणमांजरांबद्दल. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा बंद ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, वाचणारे ४० टक्क्यांवर आणि लिहिणारे ६१ वर. गंमत म्हणजे आपल्याला आठवड्याने चांगलं आठवेल, असा जास्त विश्वास होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

“मला येतो, पण लिहिता येत नाही” या वाक्याचा उलगडा इथे आहे असं मला वाटतं. वही उघडी ठेवून पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. वस्तुनिष्ठ प्रश्नात ओळख पुरते, कारण उत्तर समोर छापलेलं असतं, फक्त त्यावर बोट ठेवायचं. लेखी प्रश्नात कागद कोरा असतो.

दुसरा प्रयोग मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांचा, १९९४ सालचा. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा धडा दिला. एका गटाने तो दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबून ‘याचा अर्थ काय’ हे स्वतःशी बोलून सांगितलं. दुसऱ्या गटाची समज जास्त वाढली. फरक जास्त दिसला तो अवघड प्रश्नांत, म्हणजे जिथे धड्यात थेट न लिहिलेलं काहीतरी स्वतः जुळवावं लागतं तिथे.

थोडी सावधगिरी. पहिला प्रयोग अमेरिकन कॉलेजमध्ये झाला आणि त्यात मोजलं ते मुख्यतः ‘किती आठवलं’. त्यावरून आपल्या बोर्डाच्या भूगोलात नेमके किती गुण वाढतील हे सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्या यूट्यूब चॅनेलवर विश्वास ठेवू नका. पण दोन्ही प्रयोगांची दिशा एकच आहे. वही बंद करून स्वतःच्या शब्दांत कारण मांडणं, हाच अभ्यास. ते अभ्यासानंतर उरलेल्या वेळात करायचं काम नाही.

साखळी दुसरीकडे नेता येते, यादी नेता येत नाही

दहावीचं भूगोलाचं पुस्तक, जे २०१८ पासून चालू आहे, मला मनापासून आवडतं. भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून सगळा भूगोल शिकवलाय. तुलना हा त्याचा गाभा आहे. आणि तुलनेला साखळीच लागते.

उदाहरण बघा. ब्राझील उच्चभूमीच्या ईशान्य भागात पाऊस फार कमी पडतो, त्या भागाला पुस्तकात ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हटलंय. मुलं पाठ करतात: अजस्र कडा आहे, वारे अडतात, पर्जन्यछाया आहे. तीन मुद्दे. आता साखळी लावा. अटलांटिकवरून बाष्प घेऊन वारे येतात. वाटेत अजस्र कडा. हवेला वर चढावं लागतं. वर चढताना ती थंड होते, थंड हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून किनाऱ्याच्या बाजूला पाऊस पडतो. पलीकडे उतरते ती कोरडी झालेली हवा, आणि उतरताना ती पुन्हा गरम होते, म्हणून उरलेलं बाष्पही ढग न होता तसंच राहतं. (खरी परिस्थिती याहून गुंतागुंतीची आहे, पण दहावीला एवढी साखळी पुरेशी आहे.)

ही साखळी हातात आली की ब्राझील बाजूला ठेवा. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि खाली वाईत त्याच्या कितीतरी पट कमी, असं का? माण-खटावला टँकर का? अजस्र कड्याच्या जागी सह्याद्री, अटलांटिकच्या जागी अरबी समुद्र. बाकी वाक्यं तीच. यादी पाठ करणाऱ्या मुलासाठी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळी पाठांतरं. साखळी समजलेल्या मुलीसाठी एकच. अभ्यास निम्मा होतो, वर समज फुकट.

आणि साखळी असली की तिला प्रश्न विचारता येतात. बहिणीला मी विचारलं, “गंगेच्या मुखाशी सुंदरबनातही भरती मोठी असते. मग तिथे एवढा त्रिभुज प्रदेश कसा?” ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, “गंगेला गाळ जास्त असेल. समुद्राला सगळा नेता येत नसेल.”

बरोब्बर. गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला अंदाजे एक अब्ज टन गाळ आणतात. म्हणजे मूळ प्रश्न ‘भरती आहे की नाही’ हा नाहीच. नदी किती आणते आणि समुद्र किती नेतो, हा हिशोब आहे. गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी भरती लहान, गाळ भरपूर, नदी जिंकते. खंबातला समुद्र जिंकतो. तेही पूर्णपणे नाही, नर्मदेच्या मुखात आलियाबेटासारखी गाळाची बेटं आहेतच. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ही पाचवी पायरी, आणि ती गाठणाऱ्या मुलीच्या पेपरवर लिहिलं होतं, ‘मुद्दे लिहा’.

तपासणाऱ्यांची बाजू

सगळा दोष तपासणाऱ्यांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण एका गठ्ठ्यात किती पेपर असतात आणि किती दिवसांत संपवायचे असतात, हे शिक्षकांच्या घरात राहिलेल्यांना माहीत आहे. माझी आई शिक्षिका होती. एप्रिल महिन्यात जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसायची. शंभर मुलांना सारखा न्याय द्यायचा तर ठरलेले मुद्दे लागतात. मुद्दा दिसला, टिक केली, अर्धा गुण. त्यात पक्षपात नाही, वादही होत नाही. साखळी तपासायची तर प्रत्येक उत्तर वाचावं लागतं.

पण ही सोय तपासणीची आहे. ती आपण शिकण्याची पद्धत करून टाकली, इथे घोळ झाला. गुण देण्यासाठी केलेला सांगाडा मुलांना ‘उत्तर’ म्हणून दिला. मग गाइडनी तो छापला, क्लासनी तो उतरवून दिला, आणि आता मूळ प्रश्न काय होता हेच कोणाच्या लक्षात नाही.

याचा हिशोब दहावीत संपत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार, हे जाहीर झालं तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. आधी बदल लवकर होणार होता, आंदोलनानंतर तो २०२५ वर गेला. माझी रूममेट त्यातलीच. तिला महाराष्ट्राच्या भूगोलातले आकडे तोंडपाठ आहेत, पर्यायांमधला चुकीचा पर्याय ती झोपेत ओळखेल. पण ‘चर्चा करा’ म्हटलं की पेन थांबतं. ती आळशी नाही. दहावीपासून तिच्याकडून कोणी साखळी मागितलीच नव्हती.

माझ्याकडूनही नव्हती. मला दहावीला भूगोलात उत्तम गुण होते, सगळे याद्यांचे. आता मी दख्खनच्या बेसाल्टमधल्या भूजलावर काम करते. माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा गाइडकडून परत आला तेव्हा चर्चेच्या भागात समासात सात ठिकाणी एकच शब्द होता: ‘म्हणून?’ विहिरीची पातळी अमुक, खडकाचा थर तमुक, पाऊस इतका. सगळी निरीक्षणं बरोबर. उलटसुलट केली असती तरी चाललं असतं. तो भाग मी चार वेळा लिहिला. सव्विसाव्या वर्षी मी ‘भौगोलिक कारणे लिहा’ शिकत होते.

मग मार्चमध्ये काय लिहायचं?

बहिणीला तत्त्वज्ञान नको होतं, गुण हवे होते. ते रास्तच आहे. आम्ही दोघींनी बसून तिचं उत्तर पुन्हा लिहिलं:

१) नर्मदा व तापी खचदरीतून, कठीण खडकातून वाहतात, त्यामुळे त्यांचे पात्र पसरत नाही व त्यांना फाटे फुटत नाहीत. २) त्या खंबातच्या आखाताला मिळतात. आखात निमुळते असल्याने तेथे भरती-ओहोटीतील फरक खूप मोठा असतो. ३) त्यामुळे नदीने आणलेला गाळ मुखाशी साचण्याऐवजी ओहोटीबरोबर समुद्रात वाहून जातो. ४) म्हणून या नद्या त्रिभुज प्रदेशाऐवजी खाड्या तयार करतात.

आकडे आहेत, म्हणजे तपासणाऱ्याला टिक करायला जागा आहे. आणि प्रत्येक मुद्दा पुढच्याला धरून आहे.

बाकी सवयीच्या तीनच गोष्टी सांगितल्या. वही बंद करून लिही, मग उघडून ताडून बघ. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘म्हणून?’ विचार, उत्तर मिळालं नाही तर मधलं वाक्य सुटलंय. शेवटी मुद्दे उलटसुलट करून बघ, फरक पडला नाही तर पुन्हा लिही. रोज दोन प्रश्न, जास्त नाही.

हा सल्ला देताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं, हे कबूल करते. तिचं दहेजचं उत्तर, ज्यात समुद्र कुठे गेला हे कुतूहल होतं, ते मी आकडे घालून चौकटीत बसवलं. या उत्तराला कदाचित तीनपैकी तीन मिळतील. पण पहिल्यालाही एकापेक्षा जास्त मिळायला हवे होते, आणि ते का, हे तिला कळावं म्हणून हे लिहिलं.

काल तिचा मेसेज आला. “ताई, पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरं कमी कारण तिथे नद्या गाळ टाकतात, किनारा उथळ होतो. पण मग विशाखापट्टणम कसं काय?”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिला दोन दिवस विचार करू दे.